एका बॅटरीवर दोन संसार

शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात कापसावर फवारणी सुरू झाली की पाठीवरच्या पेट्रोल पंपांचा आवाज सकाळपासून शिवारभर ऐकू येतो. दोरीला दोन-तीन हिसके दिले की इंजिन धरतं. या पंपात बॅटरी नसते, तरी प्लगला ठिणगी मिळते, कारण फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलजवळून गेलं की तिच्यात वीज उत्पन्न होते. पंप अडला तर मेकॅनिक प्लग काढून टोपीत खोचतो, इंजिनाच्या अंगाला टेकवतो, दोरी ओढतो आणि म्हणतो, "करंट तर येतोय, कार्बोरेटर बघू." करंट कुठून येतो हा प्रश्न त्याला कधी पडत नाही. इंजिन फिरतंय तोवर करंट आहे, एवढं त्याला पुरतं.

हौशी लोक उडवतात त्या मोठ्या मॉडेल विमानांचं पेट्रोल इंजिन या पंपाचं सख्खं चुलत भावंड आहे. तेही एका सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, साधारण २० ते ६० सीसीचं. सुरुवातीला तर गवत कापायच्या आणि लाकूड कापायच्या यंत्रांची इंजिनंच काढून लोक विमानाच्या नाकावर बसवत. अडचण व्हायची ती चुंबकवाल्या फ्लायव्हीलची. शेतात पाठीवर अर्धा किलो जास्त असला तर माणूस कुरकुरत का होईना, वाहून नेतो. पाच-सहा किलोच्या विमानाला तेवढं ओझं नाकावर घेऊन फिरणं महागात पडतं. म्हणून फ्लायव्हील गेलं, त्याबरोबर मॅग्नेटो, म्हणजे चुंबक-कॉइलची ती जोडी, गेला आणि ठिणगीसाठी विमानात बॅटरी आली. विमानात एक बॅटरी आधीपासून होतीच, रेडिओ रिसीव्हर आणि पंखांचे-शेपटीचे पट्टे हलवणाऱ्या सर्व्हो मोटारींची. आता ठिणगीला वेगळी बॅटरी द्यायची, की आहे त्याच बॅटरीवर दोघांचे संसार चालवायचे? या छंदातली माणसं यावरून वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आली आहेत. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचं थोडं बरोबर असतं आणि दोघेही बोलत असतात भलत्याच मुद्द्यावर.

माणूस बसून उडतो त्या विमानांनी हा प्रश्न कधीच निकालात काढला. राइट बंधूंनी १९०३ साली किटी हॉकला इंजिन सुरू करण्यापुरत्या कोरड्या बॅटऱ्या वापरल्या, पण त्या जमिनीवरच ठेवल्या. हवेत गेल्यावर ठिणगीसाठी मॅग्नेटो होता. छोट्या पिस्टन इंजिनांच्या विमानांत आजही बहुधा तीच रीत आहे, फक्त मॅग्नेटो एकाऐवजी दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. नंदुरबारहून धुळ्याला गेलात आणि गोंदूरच्या धावपट्टीवर प्रशिक्षणाचं विमान उड्डाणापूर्वी थांबलेलं दिसलं, तर कान देऊन ऐका. इंजिनाचा आवाज क्षणभर किंचित बसतो, पुन्हा चढतो, पुन्हा बसतो. वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून दुसरा एकट्याने काम करतोय का, ते तपासत असतो. विमानातली बॅटरी सपाट झाली, दिवे गेले, रेडिओ गेला, तरी ठिणगी चालू राहते. ठिणगी आणि बाकीची वीज यांचा एकमेकांशी संबंधच ठेवलेला नाही.

मॉडेल विमानांचा इतिहास बरोबर उलटा आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत विल्यम ब्राउनने १० सीसीच्या आसपासचं 'ब्राउन ज्युनियर' इंजिन बनवलं आणि त्याच्या जोरावर मॅक्सवेल बॅसेटने १९३३च्या राष्ट्रीय स्पर्धेत रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांची दाणादाण उडवली. या इंजिनासोबत कॉइल, कंडेन्सर आणि कोरडे सेल हे बिऱ्हाडही विमानात न्यावं लागे. सुरू करताना जमिनीवरची दांडगी बॅटरी जोडायची, इंजिन तापलं की ती काढायची आणि पुढचं उड्डाण छोट्या सेलवर. त्या काळी मॉडेल विमानात सहसा रेडिओ नसे, त्यामुळे सेल ठिणगीच्या एकटीच्या मालकीचे होते. मग १९४७ साली रे आर्डनचा ग्लो प्लग बाजारात आला. त्यातली प्लॅटिनमची तार मेथॅनॉलच्या वाफेमुळे स्वतःच लाल राहते, म्हणून सुरू करतानाच तेवढी वीज लागते. कॉइल-कंडेन्सरचं बिऱ्हाड रातोरात अडगळीत गेलं. पुढे विमानं मोठी होत गेली, मेथॅनॉलचं इंधन खिशाला जड झालं, आणि लोक पुन्हा पेट्रोलकडे, म्हणजे पुन्हा ठिणगीकडे वळले. तोवर प्रत्येक विमानात रेडिओ आलेला होता.

आजच्या पेट्रोल इंजिनात पंख्याच्या हबमध्ये बोटाच्या नखापेक्षा लहान चुंबक असतं. समोर इंजिनाच्या अंगावर हॉल सेन्सर असतो. हे चुंबक पंपातल्यासारखी वीज करत नाही. पिस्टन आता कुठे आहे, एवढाच निरोप देतं. वीज करण्याचं काम काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या सीडीआय मॉड्यूलचं. ते बॅटरीचे सहा व्होल्ट चढवून दोनशे-तीनशे व्होल्ट करतं, ती वीज एका कपॅसिटरमध्ये भरून ठेवतं आणि सेन्सरचा निरोप येताच सगळी एकदम कॉइलमध्ये ओततं. कॉइलच्या दुसऱ्या टोकाला हजारो व्होल्ट उसळतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. इंजिन संथ असेल तेव्हा मॉड्यूल ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतं, वेग वाढला की लवकर. हाताने पंखा फिरवून सुरू करताना इंजिनाने उलटा झटका देऊ नये, म्हणून ही सोय.

आता या ठिणगीचं पोट किती? एका ठिणगीला १० मिलिज्यूल ऊर्जा लागते असं धरू. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेऱ्यांवर सेकंदाला १२० ठिणग्या. झाले १.२ वॅट. मॉड्यूलमध्ये निम्मी वीज उष्णतेत गेली असं धरलं तरी बॅटरीकडून २.४ वॅट, सहा व्होल्टला ०.४ अँपिअर. पंधरा मिनिटांच्या उड्डाणात, सगळा वेळ पूर्ण थ्रॉटल धरला तरी, १०० मिलिअँपिअर-तास. संथ चालीत, १,८०० फेऱ्यांवर, याच्या चौथाई. रिसीव्हरची बॅटरी सहसा दोन हजार मिलिअँपिअर-तासांच्या पुढची असते. एकच बॅटरी दोघांना पुरेल का, या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे अगदी सरळ आहे: सहज पुरेल. वेगळ्या बॅटरीचा हट्ट धरणारे जुने लोक वीज अपुरी पडेल म्हणून हट्ट धरत नव्हतेच.

त्यांची पहिली तक्रार होती गोंगाटाची. हाइनरिश हर्ट्झने १८८७ साली रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, तीही ठिणगीतून निघालेल्या लहरींनी. रेडिओचं पहिलं युग ठिणगीवरच चाललं. म्हणजे विमानाच्या नाकावर सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा बोलणारं एक प्रक्षेपण केंद्र आहे आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवरून येणारा क्षीण आवाज ऐकायला कान लावून बसलेला रिसीव्हर. दूरदर्शनच्या कृष्णधवल काळात दारावरून स्कूटर गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची झोड उठायची, ते आठवणाऱ्यांना आणखी समजावून सांगायला नको.

मेगाहर्ट्झच्या दोन आकडी पट्ट्यांवर जुने रिमोट चालत, तेव्हा हा गोंगाट जीवघेणा होता. ठिणगीचा जोर नेमका त्याच भागात असतो. आताचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे ठिणगीचा आवाज बराच मंदावलेला असतो आणि संकेत पाठवण्याची पद्धतही गोंगाटात टिकणारी आहे. म्हणून "आता कसली आलीय वेगळी बॅटरी" असं नवे लोक म्हणतात. हवेतून येणाऱ्या गोंगाटापुरतं ते खरं आहे. तारेतून येणारा गोंगाट मात्र फ्रिक्वेन्सी बघत नाही. मॉड्यूल दर ठिणगीनंतर कपॅसिटर भरायला बॅटरीतून झटक्याने वीज ओढतं. तारा सामायिक असतील तर तो झटका रिसीव्हरच्या दारात जाऊन उभा राहतो.

हवेतला गोंगाट थोपवायची जागा प्लगची टोपी आहे. प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरवर बारीक तारांची विणलेली जाळी असते. ती एका बाजूला मॉड्यूलच्या धातूच्या डबीला आणि दुसऱ्या बाजूला प्लगच्या टोपीतल्या धातूच्या कड्याला जोडलेली असते. कडं प्लगच्या षट्कोनी भागावर घट्ट बसलं पाहिजे. ठिणगीची वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेला गुंडाळून, जाळीतून, परत येते, म्हणून बाहेर फारसं काही निसटत नाही. इंजिनाच्या थरथरीने कडं सैल झालं, किंवा जाळीच्या चार तारा टोपीच्या तोंडाशी तुटल्या, की हीच जाळी ॲन्टेना होते. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं, इंजिनही छान चालतं. बोटाने टोपी हलवून पाहावी. ती गोल फिरत असेल तर तिथेच बिघाड शोधायचा.

दुसरी तक्रार व्होल्टेजची. सर्व्हो मोटारी हिशेबी नसतात. हवेत एकदम जोराचं वळण घेतलं आणि पाच-सहा ताकदवान सर्व्हो एकाच वेळी ताणले गेले, तर क्षणभर आठ-दहा अँपिअर ओढले जातात. वाटेतल्या तारा, बटण आणि पिना मिळून ०.०५ ओहमचा अडथळा असेल तरी आठ अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच पडतात. बॅटरी थकलेली असेल तर ती स्वतःही बसते. व्होल्टेज साडेतीनच्या आसपास उतरलं की बरेच रिसीव्हर डोळे मिटतात. २.४ गिगाहर्ट्झच्या सुरुवातीच्या रिसीव्हरांना पुन्हा जागं व्हायला काही सेकंद लागत, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या विमानाला जमीन गाठायला तेवढे सेकंद पुष्कळ झाले. यात ०.४ अँपिअरची ठिणगी गुन्हेगार नाही. पण आधीच वाकलेल्या बॅटरीवर तिचाही भार आहेच.

तिसरी भीती सगळ्यात खरी. मॉड्यूल आतून शॉर्ट झालं तर? वेगळ्या बॅटरीवर असेल तर ती बॅटरी जाते, इंजिन बंद पडतं. सामायिक असेल तर रिसीव्हरही जातो.

भांडणाचा मुद्दा इथे यायला हवा होता. इंजिन बंद पडलेलं मॉडेल विमान म्हणजे एक जड ग्लायडर. नाक थोडं खाली, वाऱ्याकडे तोंड, समोर कापणी झालेलं शेत दिसलं तर बरा हात असलेला माणूस ते जमिनीवर आणतो. चाकं मोडली तर मोडली. रिसीव्हर मेलेलं विमान मात्र कुणाचंच ऐकत नाही, आणि त्याच्या नाकावर वीस इंची पंखा गरगरत असतो. दोन्ही बिघाडांची किंमत सारखी नाही. बॅटरी एक आहे की दोन, याने फरक पडत नाही. ठिणगीकडचा बिघाड रिसीव्हरपर्यंत पोचू शकतो की नाही, याने पडतो.

मोटरसायकलवाल्यांना याचा अनुभव दुसऱ्या टोकाने आहे. धडगावच्या घाटात चालणाऱ्या जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांची ठिणगी मॅग्नेटोतल्या स्वतंत्र कॉइलवर चालते. बॅटरी मेली, हॉर्न मुका झाला, तरी किक मारली की गाडी चालू. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ गाड्या आल्या, कार्बोरेटर जाऊन इंधनाचा पंप आणि संगणक आला, आणि सगळं एका बॅटरीच्या भरवशावर गेलं. घाटातल्या माणसाला हा बदल आवडलेला नाही, आणि त्याचं चुकतंय असं म्हणता येत नाही. पण गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमानाला कडेला उभं राहायची सोय नाही.

मग एकाच बॅटरीवर चालवायचं असेल तर कसं? ठिणगीची फांदी बॅटरीपासूनच वेगळी काढायची, रिसीव्हरच्या खाचेतून नाही. काही तयार जोडण्या रिसीव्हरच्या एका चॅनेलमधूनच वीज घेतात. त्या चालतात, पुष्कळांच्या चालल्या आहेत, तरी मला त्या पटत नाहीत. मघाचा ०.०५ ओहम आठवा. ती वाट जितकी कमी लोकांनी वापरावी तितकं बरं. फांदीच्या सुरुवातीला छोटा फ्यूज किंवा करंटला मर्यादा घालणारा रेग्युलेटर हवा, म्हणजे मॉड्यूल शॉर्ट झालं तर फांदी तुटेल, खोड नाही. रेग्युलेटरचा दुसरा उपयोग व्होल्टेजचा. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी भरलेली असताना ८.४ व्होल्टची असते आणि जुनी मॉड्यूलं सहापर्यंतच सोसतात. लिथियम-आयर्न, म्हणजे ६.६ व्होल्टची, या कामाला जास्त सोशिक. त्यापुढे फिल्टर: अधिक आणि उणे दोन्ही तारा फेराइटच्या कड्यातून काढायच्या आणि मॉड्यूलच्या बाजूला कपॅसिटर. मॉड्यूलचे झटके कपॅसिटर आपल्याकडून भागवतो, बॅटरीकडे पोचते ती सपाट झालेली मागणी.

राहिला इंजिन बंद करायचा स्विच. रिमोटवरून ठिणगी तोडता यावी म्हणून रिसीव्हर आणि ठिणगीच्या फांदीमध्ये एक ऑप्टिकल स्विच बसवतात. रिसीव्हरकडून आलेला संकेत आत एक इवलासा दिवा लावतो, समोरचा प्रकाशग्राही तो बघून ठिणगीची वीज चालू करतो. मध्ये तांबं नाही, फक्त उजेड. दोन बॅटऱ्या असतील तेव्हा ही तटबंदी पक्की असते. बॅटरी एक केली की दोन्हीकडची उण्याची तार एकच झाली आणि तटाला मागचं दार पडलं. तरीही स्विच ठेवायचा, कारण निदान संकेताच्या तारेतून गोंगाट रिसीव्हरच्या मेंदूत शिरत नाही. पण "माझ्याकडे ऑप्टिकल स्विच आहे, आता फिल्टर कशाला" असं कुणी म्हणालं तर त्याला उण्याची तार दाखवावी.

या स्विचचं खरं काम जमिनीवर आहे. विमान थांबलेलं आहे, कुणीतरी पंखा हाताने सरळ करायला जातो. ठिणगीची वीज चालू असेल तर चुंबक सेन्सरसमोरून गेलं की मॉड्यूल ठिणगी टाकायला मोकळं. सिलिंडरमध्ये थोडी वाफ उरलेली असली तर इंजिन धरतं. बोटं गेलेली माणसं या छंदात आहेत. सामायिक बॅटरीत धोका असा, की रिसीव्हरचं बटण दाबलं म्हणजे ठिणगीही सज्ज झाली. म्हणून रिमोटचा संकेत नसेल तेव्हा स्विच बंदच राहिला पाहिजे, आणि ठिणगीची वीज चालू असताना विमानाच्या बाहेर, पंख्याजवळ उभ्या माणसाला दिसेल असा लाल दिवा लागला पाहिजे. फेलसेफमध्येही हीच नोंद: संपर्क तुटला की ठिणगी बंद. मे महिन्यात नंदुरबारच्या उन्हात तो दिवा दिसतो का, हे सावलीत बसून ठरवू नये.

एक बॅटरी कमी केल्याने वाचतं किती? बॅटरी, बटण, तारा मिळून शंभर-दीडशे ग्रॅम. मोठ्या विमानाला ते जाणवतही नाही, आणि वीस सीसीच्या कित्येक विमानांना नाक हलकं पडतं म्हणून मालक पुढे शिशाचे तुकडे चिकटवतात. शिसं लावायचंच असेल तर त्या जागी ठिणगीची बॅटरी ठेवलेली काय वाईट? अशा विमानात वेगळी बॅटरी फुकटात पडते. उलट नाक आधीच जड असेल, तर सामायिक बॅटरी मागे सरकवून तोल साधता येतो. भांडणाचा निकाल पुष्कळदा वजनकाट्यावरच लागतो.

माझा कल विचाराल तर दुसरी बॅटरी ठेवायचीच झाली तर ती ठिणगीला न देता रिसीव्हरला द्यावी. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या दोन बॅटऱ्या, प्रत्येकीला स्वतःचं बटण आणि स्वतःचा डायोड, दोन्ही रिसीव्हरकडे. आणि ठिणगी त्या जोडीतून, फ्यूज आणि फिल्टरमधून, आपला घास घेते. एक बॅटरी मेली, एका बटणाची पिन उडाली, तरी विमान उडत राहतं आणि इंजिनही चालतं. डायोडमध्ये अर्धा व्होल्ट जातो, तो गेलेला परवडतो. वजन जवळपास तेवढंच राहिलं, पण जिथे मेल्याने विमान जातं त्या बाजूला लागलं. वेगळ्या बॅटरीचे कट्टर पुरस्कर्ते याला सामायिक म्हणतात आणि सामायिकवाले म्हणतात की दोन बॅटऱ्या तर आल्याच, मग वाचवलं काय.

कायद्याची बाजू थोडक्यात. ड्रोन नियम २०२१मध्ये २५ किलोपर्यंतच्या, डोळ्यांच्या टप्प्यात हौसेखातर किंवा शिक्षणासाठी उडवायच्या मॉडेल विमानांची स्वतंत्र व्याख्या आहे. कुठे उडवता येईल, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांत दाखवलेलं असतं. तोरणमाळच्या पठारावर, अकराशे मीटरांच्या वर, उडवायचं मनात आणलं तर हवा मैदानापेक्षा साधारण दहा टक्के विरळ मिळते. कार्बोरेटरच्या सुया पुन्हा लावाव्या लागतील. ठिणगीत बदल करायला नको.

जोडणी कुठलीही असो, पहिल्या उड्डाणाआधी रेंज चाचणी दोनदा करायची. रिमोट कमी ताकदीच्या मोडमध्ये टाकून, विमान कुणालातरी घट्ट धरायला सांगून, इंजिन बंद ठेवून तीसेक पावलं चालत जायचं आणि सर्व्हो कुठवर ऐकतात ते जमिनीवर रेघ मारून ठेवायचं. मग इंजिन चालू करून तेच, एकदा संथ चालीत आणि एकदा पूर्ण थ्रॉटलवर, कारण ठिणग्यांची संख्या चौपट होते तेव्हाच लपलेला गोंगाट बाहेर येतो. दोन रेघांत फारसा फरक नसेल तर जोडणी ठीक. दुसरी रेघ बरीच अलीकडे आली, किंवा थ्रॉटल वाढवला की सर्व्हो थरथरू लागले, तर आधी प्लगची टोपी उघडून जाळी बघायची, मग फेराइटचं कडं जागेवर आहे का ते, मग मॉड्यूल आणि रिसीव्हर यांच्यात हातभर अंतर आहे का ते. बॅटरी एक की दोन, हा वाद त्यानंतर.